छत्रीतून आलेलं टेनिस

जुलै 1961 मध्ये रामनाथन कृष्णन सलग दुसऱ्या वर्षी विम्बल्डनच्या उपांत्य फेरीत पोचले. आदल्या वर्षी नील फ्रेझरने त्यांची वाट अडवली होती. या खेपेला त्यांनी रॉय इमर्सनला सरळ सेटमध्ये घरी पाठवलं आणि मग ते रॉड लेव्हरपुढे थांबले. भारतीय टेनिसचा तो मानाचा क्षण. गोव्यातल्या आमच्या साखळी गावाच्या दृष्टीने मात्र ती शेजारच्या देशातली बातमी होती. गोवा मुक्त व्हायला अजून पाच महिने बाकी होते. डिचोली-सत्तरीकडच्या ज्या थोड्या घरांत रेडिओ होता, तिथे दारं लोटून, आवाज बारीक करून ऐकलं जायचं ते वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी घाटातल्या रानातून चालवलेलं मुक्तिलढ्याचं गुप्त केंद्र. टेनिसचा स्कोअर ऐकायला कान मोकळे कुणाचे होते?

टेनिस हा तेव्हा पणजीचा खेळ होता. मिरामारच्या गास्पार दियश क्लबात पांढऱ्या कपड्यांतले साहेब आणि साहेबी थाटाचे भाटकार खेळत. आमच्या बाजूला भातकापणी झाली की उघड्या पडलेल्या शेतात फुटबॉल, देवळाच्या मागच्या मोकळ्या जागेत व्हॉलीबॉल आणि पुढे पुढे क्रिकेट. रॅकेट हातात धरलेला माणूस साखळी बाजारात शोधून सापडला नसता. तरीही 1995 च्या सुमारास याच बाजारात चहाच्या टेबलावर सांप्रासची दुसरी सर्व्हिस आणि आगासीचा रिटर्न यांवर वाद झडत होते. गाव खेळलं नाही, पण पाहून पाहून जाणकार झालं. हे घडलं कसं, त्याची ही गोष्ट.

टेनिस आणि टीव्ही यांची सोयरीक जुनी. 21 जून 1937 रोजी बीबीसीने विम्बल्डनचा पहिला सामना दाखवला, बनी ऑस्टिन विरुद्ध जॉर्ज रॉजर्स. खुद्द बीबीसीची टीव्ही सेवा तेव्हा वर्षाचीही नव्हती. तीस वर्षांनी, 1 जुलै 1967 ला, बीबीसी-2 ने रंगीत प्रक्षेपण सुरू केलं तेही विम्बल्डनपासूनच. त्या दिवशी कोर्टवर होते क्लिफ ड्रिसडेल आणि रॉजर टेलर. वाहिनीची सूत्रं होती डेव्हिड ॲटनबरो यांच्या हाती. हो, तेच, प्राणी-पक्ष्यांचे.

टीव्ही घरात आल्यावर त्याने खेळाचे नियमही हलवले. 1969 मध्ये विम्बल्डनला गोन्झालेस आणि पासारेल यांचा सामना दोन दिवस चालला. 112 गेम, पाच तास बारा मिनिटं, आणि पहिला सेटच 24-22. खेळाडूंच्या जिद्दीला सलाम, पण कार्यक्रमाचं वेळापत्रक आखणाऱ्याने काय करायचं? पुढच्याच वर्षी अमेरिकन ओपनमध्ये टायब्रेक आला आणि 1971 मध्ये विम्बल्डननेही तो घेतला. 1972 मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनेने पिवळ्या चेंडूला परवानगी दिली, कारण रंगीत पडद्यावर पांढरा चेंडू नीट दिसत नव्हता. विम्बल्डन मात्र 1986 पर्यंत पांढऱ्याला चिकटून राहिलं. इंग्रजांचा हट्ट, दुसरं काय! शिवाय दर विषम गेमनंतर खेळाडू बाजू बदलतात, ती मिनिट-दीड मिनिटाची उसंत जाहिरातवाल्यांच्या पथ्यावरच पडली. फुटबॉलवाल्यांना 45 मिनिटं फट मिळत नाही. टेनिसमध्ये ती दर दोन गेमनंतर आयती मिळते.

ही उसंत अमेरिकेतल्या एका नव्या धंद्याने बरोबर हेरली. 7 सप्टेंबर 1979 रोजी ईएसपीएन सुरू झालं. चोवीस तास फक्त खेळ दाखवायचा ही कल्पना तेव्हा अनेकांना वेडगळ वाटली होती. वेळ भरून काढायला लांबलचक चालणारे, पण वेळोवेळी थांबणारे खेळ हवे होते, आणि टेनिस त्यात फिट्ट बसलं. त्याच महिन्यात या वाहिनीने डेव्हिस कपची लढत दाखवली. माइकसमोर होते तेच क्लिफ ड्रिसडेल, पहिल्या रंगीत सामन्यातले.

आपल्याकडे तेव्हा होतं एकटं दूरदर्शन. 1982 मध्ये आशियाई खेळांच्या निमित्ताने रंग आला. 1983 मध्ये इन्सॅट-1बी हा उपग्रह वर गेला आणि त्याच्या जोरावर 1984 मध्ये देशभर ट्रान्समीटर उभारायचा सपाटाच लागला. ऐंशीच्या दशकात विम्बल्डनचे शेवटचे सामने दूरदर्शनवर थेट दिसू लागले. 7 जुलै 1985 रोजी सतरा वर्षांच्या, मानांकनही नसलेल्या बोरिस बेकरने केविन करनला हरवलं. त्या पिढीतल्या कुणालाही विचारा, टेनिसची पहिली आठवण म्हणून तो बहुधा हाच लालसर केसांचा, सूर मारून गवतावर आडवा होणारा पोरगा सांगेल.

साखळीत ते चित्र कसं दिसत असे, ते जरा जवळून सांगायला हवं. गाव वाळवंटीच्या काठी, खोलगट जागेत. चारी बाजूंनी टेकड्या. ट्रान्समीटरच्या लहरी जमिनीलगत सरळ रेषेत येतात, मध्ये डोंगर आला की अडतात. म्हणून अँटेना उंच हवी. कुणी पोफळीच्या खांबावर, कुणी लोखंडी पाइपवर ती बांधायचा आणि पाइपला तारांचे ताण द्यायचे. जून-जुलै म्हणजे ऐन पावसाळा. वाऱ्याने अँटेना फिरली की पडद्यावर मुंग्या. मग एकाने भिजत पाइप फिरवायचा, दुसऱ्याने खिडकीतून ओरडायचं, ‘आलं, आलं... गेलं!’ चौदा इंची कृष्णधवल पडदा, त्यावर मुंग्या, आणि त्यात टेनिसचा चेंडू. तो पांढरा असो की पिवळा, दिसायचाच नाही. लोक सामना पाहायचे ते खेळाडूंच्या माना कुठे वळतात त्यावरून, आणि ऐकायचे चेंडूच्या टपक्यावरून. हिरवळ करडी, माणसं पांढरी, चेंडू मनानेच कल्पायचा.

तेव्हा लंडनच्या दुपारी दोनला फायनल सुरू व्हायची, त्या वेळी आपल्याकडे साडेसहा वाजलेले असायचे. तिन्हीसांजेची वेळ. देवापुढे दिवा लागलेला, परवचा चाललेला, आणि त्याच खोलीत मॅकेन्रो पंचावर खेकसतोय. फायनलचा रविवार म्हणजे हिंदी सिनेमाचाही रविवार, त्यामुळे घरात दोन पक्ष पडायचे ते वेगळंच. सामना पाचव्या सेटमध्ये गेला की बातम्यांची वेळ येऊन ठेपायची. त्या काळी बातमीपत्रापुढे बेकरचीही मात्रा चालत नसे.

पण ही सगळी वर्षातून एकदाची जत्रा. पंधरवडा संपला की टेनिस पुन्हा ‘गोमन्तक’ आणि ‘तरुण भारत’च्या क्रीडापानावरच्या चार ओळींत. 1987 मध्ये भारत डेव्हिस कपच्या अंतिम फेरीत पोचला. विजय अमृतराजने दिल्लीत अर्जेंटिनाच्या मार्टिन हाइतेला दोन सेटच्या पिछाडीवरून हरवलं, हा त्या मोहिमेतला सगळ्यात थरारक दिवस. डिसेंबरात गोथेनबर्गला स्वीडनने इनडोअर मातीवर आपल्याला 5-0 धुतलं. एवढ्या मोठ्या मोहिमेनेही टेनिस साखळीच्या रोजच्या बोलण्यात आलं नाही. रोज दिसल्याशिवाय रोज बोललं जात नाही.

रोज दिसण्याची सोय आली ती आकाशातून, आणि तिचा प्रवास कादंबरीत शोभावा असा आहे. फेब्रुवारी 1984 मध्ये चॅलेंजर यानाने वेस्टार-6 नावाचा उपग्रह सोडला. त्याचं इंजिन फसलं आणि तो भलत्याच कक्षेत भरकटला. त्याच वर्षी नोव्हेंबरात डिस्कव्हरीतल्या अंतराळवीरांनी तो पकडून पृथ्वीवर परत आणला. डागडुजी होऊन तो विकला गेला आणि 7 एप्रिल 1990 रोजी चिनी अग्निबाणावरून पुन्हा वर चढला, तो एशियासॅट-1 या नावाने. हाँगकाँगच्या स्टार टीव्हीने 1991 मध्ये त्याच्यावरून वाहिन्या सुरू केल्या. त्यातली एक होती प्राइम स्पोर्ट्स. अमेरिकेच्या हरवलेल्या मालाने साखळीला टेनिस दिलं, असं म्हटलं तर फारसं चुकणार नाही.

इथे भूगोलाने पहिल्यांदा साखळीची बाजू घेतली. एशियासॅट विषुववृत्तावर, आपल्या पूर्वेकडे उभा. गोव्यातून पाहिलं तर पूर्वेला किंचित दक्षिणेकडे झुकून, क्षितिजापासून साधारण पन्नास अंश वर. म्हणजे सह्याद्रीच्या रांगेच्या कितीतरी वर. पणजीचं चित्र अडवणाऱ्या टेकड्या या लहरींच्या वाटेत येतच नव्हत्या. गच्चीवर किंवा अंगणात दहा-बारा फुटी जाळीची छत्री बसवायची, तोंड डोंगराकडे करून आभाळाला लावायचं, की झालं. ज्या गावाने वर्षानुवर्षं मुंग्या पाहिल्या, तिथे हाँगकाँगचं चित्र आरशासारखं लख्ख.

छत्री घालणारा तो केबलवाला. नव्वदच्या दशकातल्या गावगाड्यातला हा नवा बलुतेदार. बहुधा रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारा, किंवा व्हिडिओ कॅसेटी भाड्याने देणारा. त्याची काळी वायर माडावरून आंब्यावर, आंब्यावरून विजेच्या खांबावर उड्या मारत वाड्यावाड्यात जायची. मध्ये मध्ये ॲम्प्लिफायरचे डबे, पावसापासून वाचवायला प्लास्टिकची पिशवी बांधलेले. वळवाच्या पावसात वीज कडाडली की त्यातले काही जळायचेच. महिन्याचे पैसे शंभराच्या आत, वहीत नाव आणि टिकमार्क. कायदा बिचारा मागून धावत आला. केबलसाठी वेगळा कायदा झाला तो 1995 मध्ये. त्याच वर्षी फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने लहरी ही जनतेची मालमत्ता आहे, असा निकाल दिला. तोवर आमच्या केबलवाल्याने ती मालमत्ता घरोघर पोचवूनही टाकली होती.

साखळीच्या हातात तेव्हा पैसा होता, हेही विसरून चालणार नाही. लोहखनिजाच्या खाणी, ट्रक, बार्जेस. ट्रकवाल्याच्या घरी रंगीत टीव्ही आला की शेजारच्या तीन घरांची संध्याकाळ तिथेच. प्राइम स्पोर्ट्सवर जे दिसलं ते एका स्पर्धेचं टेनिस नव्हतं, वर्षभराचं होतं. एटीपीचा दौरा गावोगाव फिरे, आणि आपण घरबसल्या त्याच्या मागे. 1993 च्या एप्रिलअखेरीस हॅम्बुर्गला मोनिका सेलेसच्या पाठीत एका माथेफिरूने सुरा खुपसला, त्यावर बाजारात चर्चा. जुलैत याना नोवोत्ना जिंकत आलेली फायनल स्टेफी ग्राफला देऊन डचेस ऑफ केंटच्या खांद्यावर रडली, त्यावर बायकांत हळहळ. जानेवारी 1995 मध्ये मेलबर्नला सांप्रास कुरियरविरुद्ध कोर्टवरच रडू लागला आणि रडत रडत जिंकला. त्या रडण्याने तो आमच्याकडे बेकरइतकाच घरचा झाला.

टेनिसने गावाचं घड्याळही बदललं. मेलबर्न आपल्या पुढे, म्हणून ऑस्ट्रेलियन ओपन भल्या सकाळपासून, कामावर जायच्या आत. पॅरिस दुपारच्या झोपेवर. विम्बल्डन तिन्हीसांजेला. आणि न्यूयॉर्कचे रात्रीचे सामने आपल्याकडे पहाटे, तेही नेमके चवथीच्या आसपास. चवथीला घर भरलेलं असतं, रात्री आरत्या-भजनं, जागरण चालूच. माटोळीखाली बसून पहाटे अमेरिकन ओपन पाहणारी पोरं मी पाहिली आहेत. त्यांना त्यात काही विसंगत वाटत नव्हतं.

कॉमेंट्री इंग्रजी. पुढे ईएसपीएन 1995 मध्ये भारतात आलं, प्राइम स्पोर्ट्सचं नाव बदलून स्टार स्पोर्ट्स झालं आणि दोघांनी सिंगापुरात एकत्र संसार थाटला. त्या काळातला विम्बल्डनचा आवाज म्हणजे ॲलन विल्किन्स आणि विजय अमृतराज ही जोडी. अमृतराजच्या बोलण्यात उपदेश नसायचा. 1973 आणि 1981 मध्ये तो स्वतः विम्बल्डनच्या उपांत्यपूर्व फेरीत खेळलेला. समोरचा आता कुठे मारील, हे तो आधी सांगे आणि तसंच होई. मराठीतून असं कुणी समजावून सांगितलं असतं तर? या वाहिन्यांनी क्रिकेटसाठी भाषा वाढवल्या, टेनिससाठी मराठीचा विचार त्यांना शिवला नाही. हा माझा जुना राग आहे, तो इथे नोंदवून पुढे जातो.

आणखी एक तक्रार कॅमेऱ्याबद्दल. टीव्हीवर टेनिस दिसतं ते बेसलाइनच्या मागून, उंचावरून. त्यामुळे 23.77 मीटर लांबीचं कोर्ट दबून आखूड होतं, चेंडूची उंची कळत नाही आणि वेग निम्मा वाटतो. ज्यांनी टेनिस फक्त पडद्यावर पाहिलं, त्यांना पुण्यात बालेवाडीला 2018 नंतर महाराष्ट्र ओपनमध्ये पहिल्यांदा कडेला बसून सर्व्हिस पाहताना धक्का बसला तो याचाच. चेंडू येतो, जातो, आणि मग आवाज येतो असं वाटतं.

तरी सगळ्यात मोठी टेनिसची रात्र खाजगी वाहिनीने नाही, दूरदर्शनने दिली. ऑगस्ट 1996, अटलांटा. जागतिक क्रमवारीत 126 वा असलेला, वाइल्डकार्डवर आत आलेला लिएंडर पेस. त्याने वाटेत थॉमस एनक्विस्टला हरवलं, उपांत्य फेरीत आगासीशी झुंज देऊन हरला आणि 3 ऑगस्टला दुखऱ्या मनगटाने फर्नांडो मेलिजेनीविरुद्ध पहिला सेट गमावून 3-6, 6-2, 6-4 असा जिंकला. 1952 मध्ये कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी हेलसिंकीत कांस्य मिळवलं होतं. त्यानंतर चव्वेचाळीस वर्षांनी भारताला मिळालेलं हे पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. लिएंडर वाढला कोलकात्यात, पण त्याचे वडील वेस पेस, 1972 च्या म्युनिक ऑलिंपिकमधल्या कांस्यविजेत्या हॉकी संघातले, जन्माने गोंयकार. मग काय विचारता! ‘आमचो मनीस’ म्हणायला साखळीला तेवढं पुरे होतं. 1999 मध्ये पेस-भूपती जोडी चारही ग्रँड स्लॅमच्या अंतिम फेरीत गेली, त्यातल्या फ्रेंच आणि विम्बल्डन जिंकली. 2005 मध्ये सानिया मिर्झा आली आणि टेनिस पाहणाऱ्यांत मुलींची संख्या डोळ्यांत भरण्याइतकी वाढली.

6 जुलै 2008 ची फेडरर-नदाल फायनल हा या काळाचा कळस. खेळ 4 तास 48 मिनिटांचा, मध्ये पावसाने दोनदा मोडलेला. पाचवा सेट 9-7 झाला तेव्हा आपल्याकडे पावणेदोन वाजले होते. लंडनमध्ये पाऊस आला की खेळ थांबतो, आमच्याकडे पाऊस आला की लाइट जाते. त्या रात्री हे दोन्ही पाऊस एकमेकांना चुकवत राहिले आणि ज्यांच्या घरी लाइट टिकली, त्यांनी टेनिसमधला बहुधा सर्वोत्तम सामना पाहिला.

उतरण कधी लागली? माझ्या हिशेबी तारीख सांगता येते. 10 सप्टेंबर 2012 रोजी गोवा सरकारने खाणी बंद ठेवण्याचा आदेश काढला, दुसऱ्या दिवसापासून लागू. त्याच रात्री आपल्या वेळेने दीडच्या सुमारास न्यूयॉर्कला मरे आणि जोकोविच अमेरिकन ओपनची फायनल खेळायला उतरले. ती 4 तास 54 मिनिटं चालली. मरेने पहिलं ग्रँड स्लॅम जिंकलं तेव्हा इथे उजाडलं होतं आणि साखळीच्या रस्त्यावर खनिजाचे ट्रक नव्हते. पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयानेही खाणी थांबवल्या. घरोघरचे हप्ते थकले. खर्चाला कात्री लागते तेव्हा पहिली लागते ती करमणुकीला.

नेमक्या याच वर्षांत केबलचं रूपही पालटलं. डिजिटल पेटी सक्तीची झाली. 1 फेब्रुवारी 2019 पासून हवी ती वाहिनी निवडून तिचे वेगळे पैसे मोजायचा नियम आला. टेनिसचे हक्क वाटले गेले. विम्बल्डन एका कंपनीकडे, ऑस्ट्रेलियन आणि फ्रेंच दुसरीकडे, पुढे सगळं मोबाइलवरच्या ॲपवर, प्रत्येकाची वर्गणी निराळी. 2007 च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाचे सामने दूरदर्शनलाही द्यायला लावले, पण त्यातून वर्षभराचं टेनिस मिळत नाही. जानेवारी 2024 मध्ये रोहन बोपण्णाने त्रेचाळिसाव्या वर्षी ऑस्ट्रेलियन ओपनचं दुहेरी जिंकलं. साखळीतल्या किती जणांनी तो सामना पूर्ण पाहिला? बहुतेकांनी पाहिली ती व्हॉट्सॲपवर आलेली शेवटच्या गुणाची चाळीस सेकंदं.

मला विचाराल तर 1992 ते 2012 ही वीस वर्षं हे साखळीचं टेनिसयुग. त्याआधी टेनिस दुर्मिळ होतं, त्यानंतर महाग आणि एकेकट्याचं झालं. मधल्या काळात एका छत्रीखाली अख्खा वाडा आला, तो कुठल्या कंपनीच्या क्रीडाप्रेमामुळे नाही. जाहिरातदाराला गिऱ्हाईक हवं होतं, वाहिनीला वेळ भरायचा होता आणि केबलवाल्याला वसुली हवी होती. तिघांच्या स्वार्थाचा मेळ बसला आणि आपलं भागलं.

या इतिहासाची कागदपत्रं सरकारी दप्तरात मिळणार नाहीत. ती केबलवाल्यांच्या वसुलीच्या वह्यांत, पिवळ्या पडलेल्या पावत्यांत आणि माळ्यावर बुरशी धरलेल्या व्हिडिओ कॅसेटींत आहेत. साखळी, डिचोली, पेडणे, वाळपईच्या वाचकांना म्हणून विनंती, की चवथीची साफसफाई करताना अशी वही किंवा कॅसेट हाती लागली तर ती भंगारात घालू नका. जवळच्या ग्रंथालयात नेऊन द्या, आणि वहीवर वर्ष लिहायला विसरू नका.